हा फोटो काढणारा भाजला नाही का?



चौथीच्या वर्गात मी एक मोठं रंगीत चित्र लावलं होतं. अमेरिकेचं स्पेस शटल आकाशात झेपावतंय, खाली आगीचा लोळ, दोन्ही बाजूंना पांढऱ्या धुराचे डोंगर. फोटो इतक्या जवळून काढलेला की आपणच तिथे उभे आहोत असं वाटावं. अवकाश, उपग्रह, गुरुत्वाकर्षण असं सगळं सांगायच्या तयारीने मी उभी राहिले आणि मागच्या ओळीतून प्रश्न आला, "बाई, हा फोटो काढणारा भाजला नाही का?"

वर्ग हसला. मीही हसले. पण उत्तर मला येत नव्हतं. "चांगला प्रश्न आहे, उद्या सांगते," हे आपलं सगळ्यांचं ठेवणीतलं वाक्य वापरून मी वेळ मारून नेली. त्या 'उद्या'ला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत जे वाचलं, ते वर्गात सांगून झालं, आता इथे लिहिते आहे. तुमच्या वर्गात असा प्रश्न आला तर तुम्हाला चार दिवस लागू नयेत.

आधी थोडी ओळख. स्पेस शटल म्हणजे अग्निबाणासारखं उभं उडणारं आणि विमानासारखं धावपट्टीवर उतरणारं यान. पहिलं उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झालं, शेवटचं यान २१ जुलै २०११ रोजी उतरलं. या तीस वर्षांत एकूण १३५ मोहिमा झाल्या. सगळी उड्डाणं अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या केनेडी अवकाश केंद्रातून. चित्रात तीन गोष्टी दिसतात त्या मुलांना आधी दाखवा: विमानासारखं यान, त्याच्या पोटाशी असलेली भलीमोठी नारिंगी टाकी, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे खांब. हे खांब म्हणजे घन इंधनाचे बूस्टर. पुढे त्यांचं काम आहे.

आता उत्तर. फोटो काढणारा भाजला नाही, कारण तो तिथे नव्हताच. वार्ताहर आणि फोटोग्राफर यांना उभं राहायची जागा उड्डाणाच्या मंचापासून सुमारे ५ किलोमीटर दूर होती. सामान्य लोक त्याहून लांब. टायटसव्हिल नावाच्या गावातून, खाडीपलीकडून, लोक बघत, तिथून अंतर २० किलोमीटरच्या आसपास. मग जवळून फोटो कोण काढणार? कॅमेरा एकटाच.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी फोटोग्राफरांना गाडीतून मंचाच्या जवळ नेत. तिथे गवतात, दलदलीच्या कडेला, प्रत्येक जण आपापला कॅमेरा तिपाईवर बसवी. तिपाई जमिनीत खुंट्या ठोकून घट्ट बांधायची, कारण उड्डाणाच्या वेळी जो हादरा बसतो त्यात ती आडवी व्हायला वेळ लागत नाही. भिंग यानावर नेमकं जुळवायचं आणि मग ते फिरू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायची. कॅमेऱ्याचं आपोआप फोकस करणं बंद ठेवायचं, नाहीतर ऐन वेळी तो धुरावरच फोकस करत बसेल. वरून प्लास्टिकची पिशवी. फ्लोरिडाची हवा आपल्या कोकणासारखी दमट, रात्री दव पडतं आणि भिंगावर बाष्प धरतं. त्यासाठी काही जण भिंगाला हात शेकायच्या गरम पुड्या बांधत. एवढं करून माणूस निघून जायचा. त्या भागात मगरी आहेत, साप आहेत, त्यामुळे गवतात रेंगाळायची सोय नव्हतीच.

मग बटण कोण दाबणार? हा प्रश्न मी मुलांना परत विचारला. "रिमोट", "मोबाईल", "वेळ लावून ठेवायची" अशी उत्तरं आली. वेळ लावणं चालत नाही, कारण उड्डाण कधी काही मिनिटं, तर कधी काही दिवस पुढे जातं. खरं उत्तर मुलांना फार आवडलं: बटण दाबतो आवाज. कॅमेऱ्याला एक छोटी पेटी जोडलेली असते. मोठा आवाज झाला की ती कॅमेऱ्याला जागं करते आणि आवाज थांबेपर्यंत फोटो निघत राहतात. ढग गडगडले तरी तो फसू शकतो, आणि फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी ढग गडगडतातच. म्हणून किती मोठ्या आवाजाला जागं व्हायचं तेही नीट ठरवावं लागतं.

इथे एक छान गणित आहे, पाचवीपर्यंतच्या मुलांना सहज जमेल. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा कॅमेरा मंचापासून ३४० मीटरवर आहे. यानाची स्वतःची तीन इंजिनं जमीन सोडण्याच्या ६.६ सेकंद आधी पेटतात. आवाज एका सेकंदात कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. म्हणजे यान हलण्याआधी कॅमेऱ्याला साडेपाच सेकंद मिळतात. आता ५ किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाचं काय? ५००० भागिले ३४०, म्हणजे जवळजवळ १५ सेकंद. यान वर चढताना दिसतंय, उजेड डोळ्यांवर येतोय, आणि भोवती शांतता! आवाज नंतर येतो. टायटसव्हिलच्या माणसाला तर सुमारे एक मिनिट थांबावं लागतं.

हे मैदानावर करून बघा. आमच्या शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आहे. मी मुलांना रस्त्याच्या वळणापर्यंत नेलं, अंतर तीनशेच्या वर पावलं असेल, आणि एका मुलाला हात उंच करून टोला मारायला सांगितलं. हात खाली आलेला आधी दिसतो, 'ठण्ण' नंतर येतं. एकदा दिसलं की मुलं दहा वेळा टोला मारायला लावतात, ती तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. "बाई, मग कॅमेरा भाजला नाही का?" बहुतेक वेळा नाही. धूर, वाळू, खडे यांचा मारा बसतो, पण कॅमेरा वाचतो. त्याला खरा त्रास वेगळाच. बूस्टरच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंश असतो. तो कॅमेऱ्यावर बसला आणि तसाच राहिला तर धातू खातो. म्हणून काही तासांनी परत जाऊन कॅमेरे उचलले की आधी पुसायचे, फोटो नंतर बघायचे. तरी एक कॅमेरा खरोखर वितळला, पण तो शटलच्या काळातला नाही. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातून एका वेगळ्या अग्निबाणाचं उड्डाण होतं. नासाचे फोटोग्राफर बिल इंगल्स यांनी सहा कॅमेरे लावले होते. कुंपणाच्या आतले सुखरूप राहिले आणि बाहेर, लांब ठेवलेला एक भाजला, कारण उड्डाणामुळे तिथलं सुकं गवत पेटलं. कॅमेऱ्याचं प्लास्टिक ओघळलं, पण आतलं मेमरी कार्ड शाबूत होतं. आग जवळ येतानाचे फोटोही त्यात होते. हे ऐकून वर्ग खूश!

आता त्या पांढऱ्या धुराकडे वळू. तो सगळा धूर नाही. उड्डाणाच्या वेळी मंचावर सुमारे ११ लाख लीटर पाणी ओतलं जाई. आपल्या गावातली पाण्याची टाकी एक लाख लीटरची धरली, तर अशा अकरा टाक्या मिनिटभराच्या आत रिकाम्या. हे आग विझवायला नव्हे, आवाज मारायला. इंजिनांचा आवाज जमिनीवर आपटून परत वर आला तर यानाचंच नुकसान करू शकतो, इतका मोठा असतो. पाणी तो शोषून घेतं. शिवाय यानाच्या तीन इंजिनांत जळतो हायड्रोजन, त्याचंही पाणीच होतं. म्हणून चित्रात जे ढग दिसतात त्यात वाफेचा वाटा मोठा आहे.

त्याच चित्रात अजून एक गंमत शोधायला सांगा. यानाच्या इंजिनांची ज्योत जवळजवळ दिसतच नाही, फिकट निळसर झाक तेवढी. गॅसच्या शेगडीसारखी. डोळे दिपवणारा पिवळा-पांढरा लोळ आहे तो बूस्टरचा. त्यांच्या इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते. फुलबाजीत पांढरा लखलखाट जिच्यामुळे होतो तीच ही पूड.

या लखलखाटाने फोटोग्राफरची मोठी पंचाईत होते. समजून घ्यायला प्रयोग सोपा आहे. रात्री अंगणात शेकोटी पेटवा, शेजारी कुणाला तरी बसवा आणि मोबाईलने फोटो काढा. एक तर माणूस दिसेल आणि शेकोटीच्या जागी पांढराफटक डाग येईल, नाहीतर ज्वाळा छान येतील आणि माणूस काळा होईल. रात्रीच्या उड्डाणात हेच होतं. कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो अंधार बघून जास्त उजेड आत घेऊ लागतो, आणि मग बूस्टर पेटतात. सगळं पांढरं. म्हणून उजेड किती असणार याचा अंदाज आधी बांधून, आकडे हाताने ठरवून, कॅमेरा सोडून द्यायचा. परत जाऊन दुरुस्ती नाही. एकदाच संधी.

रात्रीचे दुसऱ्या प्रकारचे फोटोही आहेत. कॅमेऱ्याचं शटर दोन-चार मिनिटं उघडं ठेवायचं. यान वर जाताना उजेडाची रेघ उमटते. ही रेघ मुलांना जरूर दाखवा, कारण ती सरळ नसते, कमानीसारखी वाकलेली असते. आपली मुलं (आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मीही) समजतात की अग्निबाण सरळ वर, वर, वर जातो. तसं नाही. पृथ्वीभोवती फिरत राहायला तासाला सुमारे २८,००० किलोमीटर असा आडवा वेग लागतो, म्हणून यान थोडं वर गेलं की कलायला लागतं आणि समुद्रावरून आडवं पळतं. एक पान भरून समजावलं तरी जे कळत नाही ते त्या एका रेघेत कळतं.

उतरण्याचे फोटो मात्र कमी लोकांना माहीत असतात. त्यात आग नाही, धुराचा डोंगर नाही. पण मला विचाराल तर अवघड तेच. परतताना शटलच्या इंजिनांना इंधन नसतं. ते शंभर टनांच्या आसपासचं, इंजिन बंद असलेलं विमान असतं आणि पहिल्याच फेरीत उतरायचं असतं. परत वळसा घालायची सोय नाही. आपलं प्रवासी विमान सुमारे ३ अंशांच्या उतारावरून खाली येतं, शटल शेवटच्या टप्प्यात १९-२० अंशांच्या उतारावरून. दगड टाकावा तसं. फोटोग्राफर धावपट्टीजवळ उभा असतो, आकाशात काही दिसत नाही, आणि अचानक पाठोपाठ दोन स्फोटांसारखे आवाज येतात: धडाम, धडाम. यान आवाजापेक्षा जोरात येत असल्याची ती खूण. त्यानंतर काही मिनिटांतच ते धावपट्टीवर असतं. चाकंसुद्धा टेकण्याच्या साधारण पंधरा सेकंद आधी बाहेर येतात. टेकतानाचा वेग तासाला साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, चाकांखालून धुराचा एक झोत, मग शेपटीतून उघडणारी छत्री. ही छत्री १९९२ पासूनची, त्याआधीच्या फोटोंत ती शोधू नका. धावपट्टी साडेचार किलोमीटर लांब. यान कोणत्या टोकाने येणार हे वाऱ्यावर अवलंबून. आणि फ्लोरिडात ढग असले तर यान थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात उतरवत. रात्र असेल तर आणखी कठीण: शटलला स्वतःचा दिवा नव्हता. धावपट्टीवरच्या झोतांत शिरेपर्यंत ते दिसायचंच नाही.

इथपर्यंत फोटो कसे निघत ते झालं. वर्गात मी इथेच थांबणार होते. पण वाचताना पुढची पानं उघडली आणि त्या मंचाभोवती लावलेले सगळे कॅमेरे वर्तमानपत्रांसाठी नव्हते हे कळलं. बरेचसे इंजिनीअर लोकांचे होते. सेकंदाला शेकडो चित्रं घेणारे फिल्मचे कॅमेरे. कुठे गळती नाही ना, कुठला तुकडा सुटला नाही ना, हे नंतर बघायला.

२८ जानेवारी १९८६. चॅलेंजर यान. सात जणांत एक होत्या क्रिस्टा मॅकऑलिफ, शाळेत समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका. त्या अवकाशातून मुलांना धडे शिकवणार होत्या. अमेरिकेतल्या कितीतरी वर्गांत मुलं टीव्हीसमोर बसली होती. ७३ सेकंदांनी यान आकाशात फुटलं. सातही जण गेले. नंतर फिल्म धुऊन बघितल्या, तेव्हा उड्डाणानंतर पहिल्या सेकंदाच्या आतच उजव्या बूस्टरच्या सांध्यातून काळ्या धुराचा भपकारा बाहेर पडलेला दिसला. आदल्या रात्रीच्या थंडीने सांध्यातली रबरी कडी ताठरली होती. तो धूर नेमका कुठून येतोय हे दाखवू शकले असते असे दोन कॅमेरे त्या दिवशी बंद होते. ते चालू असते तरी कुणी वाचलं नसतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. फिल्म बघितली जाते ती नंतर, आणि बूस्टर एकदा पेटला की बंद करता येत नाही. पण कारण शोधायला फोटोच उपयोगी पडले.

कोलंबियाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त लागली. आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतीवर कल्पना चावला यांचा फोटो असतो. हरियाणातल्या कर्नालची ही मुलगी. दरवर्षी आपण मुलांना सांगतो, अपघातात गेली. अपघात कसा झाला ते सांगत नाही.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडालं. ८२ व्या सेकंदाच्या सुमारास नारिंगी टाकीवरच्या फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकडा साधारण पाऊण किलोचा. पण आदळतानाचा वेग तासाला ८०० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी फिल्म तपासताना हे लोकांच्या लक्षात आलं. लांबून मागोवा घेणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी एकाचा फोकस बिघडलेला होता. बाकीच्यांत तुकडा दिसत होता, आदळल्यावर उडालेला पांढरा फवारा दिसत होता, पण पंखाला भोक पडलं का, ते दिसत नव्हतं. काही इंजिनीअर लोकांनी विनंती केली: सैन्याकडे ताकदवान दुर्बिणी आहेत, उपग्रह आहेत, त्यांच्याकडून वर फिरणाऱ्या यानाचे फोटो काढून घ्या. चौकशी मंडळाने नंतर मोजलं, अशी मागणी तीन वेळा झाली होती. एकदाही फोटो निघाला नाही. फेस हलका असतो, याआधीही सुटला होता, काही झालं नव्हतं, असा वरच्यांचा समज. यानातल्या लोकांना ई-मेलने कळवलं की काळजीचं कारण नाही.

१ फेब्रुवारीला यान परत येताना त्या भोकातून तापलेली हवा पंखात शिरली आणि टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. त्या पहाटे कॅलिफोर्नियापासून पुढे वाटेतले हौशी लोक आपापले कॅमेरे घेऊन अंगणात उभे होते, यान जाताना टिपायला. त्यांच्या चित्रफितींत यानापासून ठिणग्यांसारखे तुकडे सुटताना दिसतात. तपासाला या घरगुती चित्रफितींचा मोठा उपयोग झाला. फोटो वेळेवर निघाला असता तर सातजण वाचले असते का? चौकशी मंडळाने तोही विचार केला. दुसरं यान, अटलांटिस, घाईने तयार करून वर पाठवणं फार जोखमीचं, पण अगदीच अशक्य नव्हतं, असं त्यातून दिसलं. आधी बघायला मात्र हवं होतं.

यानंतर नासाने पुष्कळ बदल केले, आणि त्यातले बरेच फोटोंचे होते. उड्डाणाकडे तोंड करून शंभराहून अधिक कॅमेरे लावले. उंच उडणाऱ्या विमानांतून चित्रण केलं. खुद्द टाकीवर कॅमेरा बसवला. आणि सुरुवातीला रात्री उडायचंच नाही असं ठरवलं, कारण अंधारात फोटो नीट येत नाहीत. फोटोसाठी उड्डाणाची वेळ बदलली! ही बंदी उठल्यावरचं पहिलं रात्रीचं उड्डाण ९ डिसेंबर २००६ चं, आणि त्यात होत्या सुनीता विल्यम्स. त्यांच्या त्या उड्डाणाचे काळ्या आकाशावरचे फोटो बघाल तेव्हा हे आठवेल.

सगळ्यात सुंदर बदल पुढचा. जुलै २००५ मध्ये डिस्कव्हरी यान अवकाश स्थानकाजवळ पोचलं. कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स. जोडलं जाण्याआधी, स्थानकापासून सुमारे १८० मीटरवर, त्यांनी अख्ख्या यानाला सावकाश एक कोलांटी मारायला लावली. पोट वर, पाठ खाली, परत सरळ. स्थानकाच्या खिडकीतून क्रिकाल्योव आणि फिलिप्स हे दोघे लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन तयार होते. पोटाकडचा भाग समोर असायचा जेमतेम दीड मिनिट, तेवढ्यात सगळ्या टाइल टिपायच्या. आई पोराला अंघोळ घालताना पाठ-पोट वळवून बघते ना, कुठे खरचटलंय का, तसंच. त्या फोटोंत टाइलांच्या फटीतून बाहेर आलेल्या दोन पट्ट्या दिसल्या. स्टीफन रॉबिन्सन नावाचा अंतराळवीर बाहेर गेला आणि त्याने त्या हाताने ओढून काढल्या.

आता एक नाव लिहून ठेवा: बार्बरा मॉर्गन. क्रिस्टा मॅकऑलिफ यांच्यासाठी राखीव म्हणून निवडलेल्या दुसऱ्या शिक्षिका. आयडाहो राज्यातल्या एका छोट्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. क्रिस्टाबरोबर सगळं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं. अपघातानंतर त्या परत आपल्या वर्गात गेल्या. शिकवत राहिल्या. पुढे रीतसर अंतराळवीर झाल्या आणि ८ ऑगस्ट २००७ रोजी, एकवीस वर्षांनी, एंडेव्हर यानातून उडाल्या.

उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच टाकीचा एक तुकडा सुटून यानाच्या पोटावर आदळला. तोच प्रकार. पण यावेळी ते कॅमेऱ्यांत दिसलं. स्थानकाजवळ कोलांटी झाली, फोटो निघाले, आणि पोटावरच्या टाइलांत एक खड्डा दिसला, साधारण ९ सेंटीमीटर लांबीचा. मग यानाच्या लांब दांड्यावरचा कॅमेरा आणि लेसर खाली नेऊन तो खड्डा जवळून मोजला. जमिनीवर तसाच खड्डा टाइलमध्ये कोरून तापवून बघितला. बरेच दिवस चर्चा चालली. शेवटी ठरलं की दुरुस्तीची गरज नाही, हे असंच उतरू शकतं. या वेळचं 'काळजीचं कारण नाही' हे बघून, मोजून सांगितलेलं होतं.

२१ ऑगस्टला एंडेव्हर फ्लोरिडात उतरलं. भर दुपारी, स्वच्छ उजेडात.

आमच्या वर्गात आता दोन चित्रं आहेत. पहिलं तेच, आगीच्या लोळाचं. दुसरं मी शाळेच्या प्रिंटरवर छापलं, रंग जरा फिके आलेत: धावपट्टीवर टेकलेलं यान, मागे उघडलेली छत्री. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता तो बराच वेळ त्यासमोर उभा होता. मग विचारलं, "बाई, ती बाई यात कुठे बसलीय?" मी खिडक्यांकडे बोट दाखवलं. काचेतून आतलं काही दिसत नाही. त्याने पेन्सिल घेतली आणि खिडकीत एक छोटं डोकं काढलं. चित्र खराब केलं म्हणून मी रागावले नाही.